अश्विनीचे पेपर तू का थांबवलेस?

शैला, अश्विनीला पेपर सोडवणं बंद कर असं तू का सांगितलंस, एवढंच मला कळलं असतं तर बाकीचं मी निभावून नेलं असतं.

मुख्याध्यापकांनी तुझ्यावर लिहायला सांगितलं आहे. जन्म, शिक्षण, नोकरी, इतिहासाच्या अध्यापनातलं योगदान, असं ते म्हणाले. ते सगळं तुझ्या सेवापुस्तकात आहे, कार्यालयाने तिथून उतरवून घ्यावं. मला तुझ्याशी बोलायचं आहे आणि तुझं तेरावं परवा झालं. त्यामुळे हे असं लिहून बोलणं आलं. मला ते विचित्र वाटतं आहे. तुलाही वाटलं असतं.

आपली अभ्यासिका सुरू झाली ती जीपगाड्यांमुळे. शाळा सुटली की वडिवळ्याची, गोवित्रीची मुलं कामशेतच्या स्टँडवर जीप भरायची वाट बघत वडापावच्या गाडीपाशी उभी राहायची. तू म्हणालीस, ही पोरं इथे रोज दोन तास वाया घालवतात, यांना ग्रामपंचायतीच्या सभागृहात बसवू. मी म्हटलं, बसणं म्हणजे अभ्यास नव्हे. तू म्हणालीस, आधी बसू तर दे.

पहिला महिनाभर मुलं नुसती बसली. पुस्तक उघडं, मान खाली, पानं उलटतायत. काय वाचलं विचारलं की आपल्या तोंडाकडे बघायची. मी भिंतीवर तक्ता लावला. आज वाचलेलं उद्या पुन्हा बघायचं, मग चार दिवसांनी, मग पंधरा दिवसांनी. कुणी कधी काय बघायचं ते नावानिशी. तू त्याला रेल्वेचं वेळापत्रक म्हणायचीस. "वसू, यातली कुठली गाडी लेट आहे ते पण लिहीत जा," म्हणायचीस. आणि तुझं काय, तर शेवटच्या अर्ध्या तासात पुस्तकं मिटायची आणि जोडीजोडीने एकमेकांना सांगायचं. पोरांनी त्याचं नाव मिटवामिटवी पाडलं. त्या अर्ध्या तासात सभागृहाचा बाजार व्हायचा. मी एका कानावर हात दाबून माझे पेपर तपासत बसायची.

मुलांच्या पुस्तकांत ओळीन्‌ओळ पिवळ्या हायलायटरने रंगवलेली असायची. ते मात्र आपल्या दोघींनाही खपायचं नाही. मी मार्कर काढून घ्यायची. तू एकदा त्या रोहनचं पुस्तक सगळ्यांना उघडून दाखवलंस आणि म्हणालीस, "पुस्तकाला हळद लागली. लग्न कधी म्हणायचं?" पोरगा लाजून लाल झाला. त्यानंतर त्याने पानाला एकच ओळ रंगवायला सुरुवात केली. माझ्या मार्कर जप्त करण्याने जे झालं नव्हतं ते तुझ्या एका टोमण्याने झालं. मला रागच आला होता त्या दिवशी.

अश्विनी दहावीपर्यंत तुझ्या वर्गात होती, मराठी माध्यमात. अकरावीला सायन्स घेतलं आणि सगळं इंग्रजीत आलं. आपल्याकडची बहुतेक मुलं तिथेच अडतात. शब्द कळत नाहीत म्हणून वाक्यंच्या वाक्यं पाठ करतात. अकरावीत ती फिजिक्समध्ये जेमतेम निघाली. बारावीला मी तिला धरून जुने पेपर सोडवायला बसवलं. घड्याळ लावून, बोर्डाच्या पद्धतीने. दिवाळीपर्यंत तिचा हात इतका बसला की पेपर वेळेआधी संपायला लागला. सहामाहीला चांगले मार्क पडले. तक्त्यावर तिची एकही गाडी लेट नव्हती.

ती सगळं माझ्या मनासारखं करत होती आणि तेव्हाच तू तिला पेपरला हात लावायचा नाही म्हणून सांगितलंस. पूर्वपरीक्षा तीन आठवड्यांवर आलेली असताना. ते मला आवडलं असतं का, हा प्रश्नच नाही. मला आधी विचारलं असतंस तर मी नाही म्हटलं असतं.

पण तू मला विचारलंस, इथेच तर गोंधळ आहे.

त्या गुरुवारी कार्ला फाट्यापासून वलवणपर्यंत तू माझ्या स्कूटरवर मागे बसून सतत बोलत होतीस. अश्विनीचं नाव दोनतीनदा ऐकू आलं. बाकी काही नाही. डोक्याला हेल्मेट, समोरून वारा, जुन्या हायवेवर ट्रक. मी मधूनमधून "हं" म्हणत होते. आपले निम्मे वाद असेच झालेत, तू बोलायचीस आणि मी रस्ता बघायची. तुझ्या गल्लीच्या तोंडाशी तू उतरलीस, हेल्मेट काढून माझ्याकडे दिलंस आणि म्हणालीस, "मग ठरलं ना?"

मी म्हटलं, "ठरलं."

पुन्हा विचारायला हरकत नव्हती. पण मागून गाडीवाला हॉर्न मारत होता, थंडी होती, आणि एखादी गोष्ट तू एकदाच सांगून सोडून दिलीस असं कधी झालं नव्हतं. उद्या शाळेत सांगशील, परवा मिटवामिटवीत सांगशील, रविवारी फोन करून सांगशील, असं मी धरून चालले होते. शुक्रवारी सकाळी तुझ्या घरून फोन आला. तेव्हापासून मी कशाला होकार दिला हे शोधते आहे.

श्रीकांतरावांना विचारलं. तुझ्या नवऱ्याला असल्या वेळी हे विचारणं बरं दिसत नव्हतं, पण विचारलं. ते म्हणाले, "वसुधाताई, ती रोज वीस मुलांबद्दल बोलायची. मी टीव्ही बघत असायचो." मी आत जाऊन चहा केला. तुझ्या घरात साखर कुठे असते ते मला माहीत नव्हतं, इतक्या वर्षांत. एकेक डबा उघडून बघत गेले.

अश्विनीला विचारलं. ती म्हणाली, "बाई, त्या म्हणाल्या, आता जुन्या पेपरला हात लावायचा नाही. मी का म्हटलं तर म्हणाल्या, वसूबाईंशी बोलते, मग तुला सांगते."

"मग?"

"मग काही नाही. तुमच्याशी बोलल्या का?"

"बोलल्या," मी म्हटलं. खोटं नव्हतं.

"मग काय म्हणाल्या?"

मी तिला तक्त्याप्रमाणे केमिस्ट्रीची उजळणी करायला बसवलं.

दहावा झाल्यावर तिचे वडील अभ्यासिकेत आले. दत्ताभाऊंना तू ओळखतेस, इंद्रायणी भात करतात, कधी मोकळ्या हाताने येत नाहीत. पिशवीभर तांदूळ टेबलावर ठेवला आणि उभेच राहिले.

"बसा ना, दत्ताभाऊ."

"बसत न्हाई. जीप सुटंल. बाई, पोरीचं काय करायचं? तुमी म्हनता पेपर सोडव, त्या बाई म्हनल्या सोडवू नको. पोर घरी नुसती बसून ऱ्हाती. वही उघडती, मिटती. लय घोळ झालाय."

"माझं बोलणं चालू आहे अश्विनीशी."

"तुमी दोघींनी एक ठरवून सांगायचं व्हतं की."

"आता एकच राहिली, भाऊ."

त्यांनी टोपी काढून हातात घेतली. मग हळूच म्हणाले, "यंदा मार्क पडलं तर पुन्याला पाठवतो तिला, हॉस्टेलवर. मी सबूद दिलाय. न्हाई पडलं तर तिचा मामा म्हनतोय, तळेगावला कंपनीत लावू. मामाचं ऐकावं लागंल मला. घरात समद्यांचं तेच म्हननं हाय."

म्हणजे मुद्दा एवढा आहे. पूर्वपरीक्षा आली की त्या मार्कांवर घरात बोलणं होणार, आणि त्यानंतर बोर्डाच्या परीक्षेपर्यंत तिला अभ्यासाला मोकळं सोडतील की नाही ते तेव्हाच ठरणार. त्यात ती रोज वही उघडून मिटून बसली आहे, कारण एक बाई करू नको म्हणून गेली आणि दुसरीला कारण माहीत नाही.

जाता जाता दत्ताभाऊ भिंतीकडे बघून म्हणाले, "शैलाबाई म्हनायच्या, काय पण कर, वसूबाईंचा तक्ता मोडायचा न्हाई."

हे तू म्हणायचीस? माझ्यासमोर तर तू त्या तक्त्याची टिंगल सोडून काही केलं नाहीस. एकदा त्यावर मोहिमांचे बाण काढले होतेस खडूने. आणि माघारी हे. आता मी यातलं कोणतं खरं धरू? तक्ता मोडायचा नाही म्हणतेस आणि तक्त्यावरच लिहिलेला रोजचा पेपर बंद करतेस.

मी कारणं शोधायला बसले. थकली होती का पोरगी? भात काढणीच्या दिवसांत सकाळी शेतात, मग कॉलेज, मग इथे. पण काढणी संपून गेली होती, आणि थकली असती तर तू तिला घरी पाठवलं असतंस, पेपरांशी भांडली नसतीस. की तुला नुसतं जिंकायचं होतं? ते तुझ्या स्वभावात बसतं. मराठीत सांगता आलं तरच कळलं, असं तू म्हणायचीस. मी म्हणायची, पेपर इंग्रजीत लिहायचा आहे, तुझ्या मराठीचा बोर्डाला काय उपयोग? तू म्हणायचीस, "बोर्डाला नसेल. तिला आहे." या वादाचा निकाल लागला नव्हता. पण एका मुलीचं वर्ष पणाला लावून वाद जिंकणारी बाई तू नव्हेस. असं मला वाटतं. आता वाटण्यावरच काम चालवायचं आहे.

मग मी शिक्षकाने करायचं ते केलं. चाचणी घेतली. जुन्या पेपरांत एक प्रश्न हमखास असतो, बारीक नळी पाण्यात उभी धरली तर पाणी आत किती वर चढेल. मी तो प्रश्न जसाच्या तसा ठेवला आणि पाण्याच्या जागी पारा घातला. पारा काचेच्या नळीत चढत नाही, खाली उतरतो. अश्विनीने तीन मिनिटांत सुंदर अक्षरात उत्तर दिलं आणि पारा वर चढवला. जुन्या पेपरात पाणी जितकं चढलं होतं, तेवढाच.

तिने प्रश्न पूर्ण वाचलाच नव्हता. पहिल्या ओळीवरून तिला प्रश्न ओळखू आला आणि हाताने उत्तर लिहून टाकलं. ओळखणं म्हणजे येणं, असं तिला वाटत होतं. मलाही वाटत होतं, कारण मी फक्त घड्याळ आणि मार्क बघत होते.

तर हे तुला दिसलं होतं का? कसं? तुला फिजिक्सचा गंध नव्हता. भिंगाचं प्रकरण निघालं की तू म्हणायचीस, भिंगातून मला फक्त मुंगी दिसते. ती पेपर सोडवताना तू तिचे डोळे बघत होतीस का? इतिहासाच्या पेपरातही मुलं असंच करतात का, प्रश्नातलं पहिलं नाव वाचून पाठ केलेली टीप लिहून मोकळी होतात?

मला वाटलं, सापडलं कारण. जरा हलकं वाटलं. म्हणून खात्री करायला दुसऱ्या प्रकरणातला एक प्रश्न तसाच फिरवून दिला. तो तिने बरोबर सोडवला. तिसराही सोडवला. मग मी म्हटलं, "अगं, मग पाऱ्याचं काय झालं?"

"बाई, तुम्ही समोर उभ्या होता. घाबरून लिहिलं."

म्हणजे पुन्हा होतो तिथेच. एक उत्तर तुझ्या बाजूने, दोन माझ्या बाजूने, आणि पोरगी म्हणते भीतीमुळे झालं.

मग मी एक गोष्ट केली जी तू असताना कधी केली नव्हती. मिटवामिटवीला बसले. बाकीची मुलं जोड्या करून बसली, अश्विनीची जोडी माझ्याशी. पुस्तक मिटलं. म्हटलं, सांग, नळीत पाणी का चढतं. मराठीत सांग.

तिने सुरुवात केली. "बाई, समईत वात असते ना, तिच्यातून तेल आपोआप वर येतं. तसं नळीतून..."

"नळीतून पाणी, हो. पृष्ठताणामुळे. पुढे."

"पृष्ठताणामुळे... पाणी काचेला चिकटतं, म्हणजे..."

"काचेच्या रेणूंचं आकर्षण जास्त. बरोबर. मग कडेला काय होतं?"

ती थांबली. माझ्याकडे बघून म्हणाली, "बाई, रागावू नका. तुम्ही मधेच सांगता. शैलाबाई गप्प बसायच्या."

"त्यांना येत नव्हतं म्हणून गप्प बसायच्या."

"नाही बाई. इतिहासालाही गप्पच बसायच्या."

शैला, मी या वाक्यावर चार दिवस अडकले आहे. इतकी वर्षं मी समजत होते की तुझं ते ऐकणं म्हणजे तुझी सोय होती. येत नसेल तर ऐकणारच ना माणूस. मुलांना म्हणायचीस, मला काही कळत नाही, नीट समजावून सांग. मी समोरच्या टेबलावरून हसायची. पण ज्या विषयात तुझा हात कुणी धरला नसता, तिथेही तू तशीच बसत होतीस. समोरचं पोर तह आणि लढाई यांची उलटापालट करत असताना तू गप्प बसून ऐकत होतीस. हे मला जमलं नसतं. मुळात हे कुणाला जमतं, तेच मला कळत नाही. चूक ऐकू आली की माझा हात आपोआप लाल पेनाकडे जातो.

आणि यातूनही पेपर बंद करण्याचं कारण निघत नाही. निघतं असं मला कधी वाटतं, कधी वाटत नाही. पेपरला ती लिहून मोकळी होते आणि मी लाल पेन घेऊन तयार असते, मधे तिला स्वतःला अडखळायला जागाच राहत नाही, असं काही तू मागे बसून सांगत होतीस का? की अगदीच साधं काही होतं, पंधरा दिवस थांबव, मग पुन्हा सुरू कर, एवढंच? तू जे सांगितलंस ते पंधरा दिवसांपुरतं होतं की कायमचं, हेसुद्धा मला माहीत नाही.

काल मी अश्विनीला खरं सांगितलं. म्हटलं, शैलाबाईंनी असं का सांगितलं ते मला माहीत नाही. त्या बोलल्या, मला ऐकू आलं नाही. तिला धक्का बसेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "मग आपण काय करायचं?"

ती "आपण" म्हणाली, ते मला बरं वाटलं. मी म्हटलं, पूर्वपरीक्षेपर्यंत नवा पेपर नाही. जुन्यातलाच एकेक प्रश्न घ्यायचा, शेवटपर्यंत वाचायचा, पुस्तक मिटून मला सांगायचा आणि मग इंग्रजीत लिहायचा. तक्ता आहे तसा राहील. यात तुझं किती आणि माझं किती, ते मोजत बसायला वेळ नाही. फिजिक्स सोमवारी आहे.

आज संध्याकाळी पुन्हा नळी घेतली. मी पेन पर्समध्ये ठेवून दिलं. हात मांडीखाली घेऊन बसले, शप्पथ. ती वातीपासून निघाली, पाणी काचेला कसं चिकटतं ते नीट सांगितलं, पारा का उतरतो तेही सांगितलं. कुठेही पाठ केलेलं वाक्य नव्हतं. मग म्हणाली, "आणि नळी जितकी मोठी, तितकं पाणी वर जास्त चढणार, कारण ओढायला जागा जास्त."

साफ उलटं. बारीक नळीत जास्त चढतं. माझ्या तोंडात आलं होतं. मी दात दाबून बसले. ती पुढे दोन वाक्यं बोलली, मग थांबली, भुवया आकसल्या. "थांबा बाई. असं असतं तर एवढ्या मोठ्या बादलीत पाणी..." आणि पुन्हा थांबली. तेवढ्यात बाहेर वडिवळ्याच्या जीपचा हॉर्न वाजला. बाकीची मुलं उठून पळाली. तिने दप्तर उचललं, माझ्याकडे बघितलं, मी काहीतरी सांगेन म्हणून दारात क्षणभर उभी राहिली.

मी काही सांगितलं नाही. म्हटलं, "जा, जीप सुटेल."

पंचवीसएक वर्षं शिकवते आहे, उत्तरात चूक असताना पोराला तशीच घरी जाऊ दिलं असं कधी झालं नाही. आज अश्विनीला जाऊ दिलं. ती जीपमध्ये बसून त्या बादलीचा विचार करत असेल, किंवा मैत्रिणींशी गप्पा मारत असेल. चूक तिला तिची सापडली तर उद्या येऊन सांगेल. नाही सापडली आणि सोमवारी तोच प्रश्न आला, तर दत्ताभाऊ मला विचारतील, बाई, तुमाला तर येत व्हतं, मग का न्हाई सांगितलं. त्यांना सांगायला माझ्याकडे काही नाही. तुझ्याकडे होतं की नाही, तेही मला माहीत नाही.